उताराला इंजिन जात नाही

कल्याणप्पांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या यार्डात डिझेलचं शंटिंग इंजिन चालवलं आणि तेवढ्या काळात ते कुठंच गेले नाहीत. काम एकच. मालगाडी मागून ढकलत, माणसाच्या चालीनं, हंप नावाच्या उंचवट्यावर चढवायची. माथ्यावर डबा सुटे, आपल्या वजनानं घरंगळत खाली जाई आणि ठरल्या लाइनीला लागे. रिटायर होऊन ते नळदुर्गजवळ गावी आले. यार्ड मात्र अंगातून उतरलं नाही.

त्या सकाळी त्यांच्या लेकीची, शिवप्रियाची, नर्सभरतीची परीक्षा होती. तुळजापूरच्या केंद्राचं गेट साडेनऊला बंद होणार, आणि आठ वाजता तिच्या भावाची, रुद्रेशची, जीप गावच्या चढाखाली बंद पडली. स्टार्टर गेला होता. शिवप्रिया म्हणाली, अप्पा, ट्रॅक्टर पुढं लावा आणि ओढा. अप्पा म्हणाले, ओढायचं ते प्रवाशांच्या गाडीला, आपल्यात मागूनच ढकलतात.

ट्रॅक्टरच्या तोंडाला जुनं टायर बांधण्यात दहा मिनिटं गेली. मग अप्पा वर बसले, आणि बसूनच राहिले. पुढचं दिसत नसताना हिरव्या झेंडीशिवाय इंजिन हलवायचं नसतं म्हणे. शेवटी शिवप्रियानं गळ्यातली हिरवी ओढणी काढली आणि हॉल तिकीट दातात धरून ती हलवत जीपशेजारनं चालू लागली. मागं ट्रॅक्टर तिच्याच चालीनं. शेळ्या पुढं गेल्या. डोईवर भारा घेतलेली कडूबाई पुढं गेली, आणि वरात कुणाची, हेही विचारून गेली.

माथ्यावर अप्पांनी ब्रेक दाबला. जीप एकटीच पलीकडच्या उताराला लागली, गियरमध्ये हिसका खाऊन सुरू झाली आणि रुद्रेशला घेऊन खाली गेली.

"अप्पा, मी हितंच हाय."

"डबा झ्याक सुटला," अप्पा म्हणाले.

ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढली. अप्पांनी रिव्हर्स टाकला.

"उताराला इंजिन जात न्हाय, पोरी. माथ्यावरनंच माघारी फिरतंय."

वाद घालायला दिवस पुरला नसता. चपला हातात घेऊन ती पळत सुटली. खाली फाट्यावर रुद्रेश, इंजिन पुन्हा बंद पडू नये म्हणून, रेस करत थांबला होता. जीपमध्ये बसून तिनं मागं पाहिलं, तर ट्रॅक्टर अजून माथ्यावरच उभा होता. डबा लाइनीला लागल्याची खूण मिळेपर्यंत अप्पा हलणार नव्हते, आणि त्यांच्यामागं दुधाची गाडी खोळंबली होती. तिनं कपाळावर हात मारला आणि खिडकीतून ओढणी हलवली. ट्रॅक्टर मागं सरकला.

केंद्रावर पोचली तेव्हा गेट बंद व्हायला चार मिनिटं होती. घामाघूम पोरगी पाहून शिपायानं विचारलं, पळत आलात काय?

"निम्मं," ती म्हणाली. "निम्मं ढकलत आणलं."