शून्य आणि नाही

कामावर सगळे तिला रकानाबाई म्हणत, आणि ते नाव तिने कष्टाने कमावलं होतं. खालच्या मजल्यावरच्या चारशे सर्व्हरांनी स्वतःबद्दल काय सांगायचं, कुठल्या क्रमाने सांगायचं, हे ठरवणं तिच्याकडे. प्रत्येक सर्व्हरमध्ये एजंट नावाचा छोटा प्रोग्राम बसवलेला असे. मशीन सुरू झालं की त्याने आधी आपली ओळख द्यायची: मी अमुक, तमुक कपाटातला, इतक्या वाजता उठलो. मग मशीनची खबर: डिस्क किती, पंखे फिरतात का, तापमान काय. या निरोपाचा साचा, म्हणजे स्कीमा, रकानाबाई लिहायची. एक रकाना जास्त झाला तर तिला झोप लागत नसे आणि एक कमी पडला तर साहेबांना.

आज चार वाजता नवा साचा गोठणार होता. एकदा गोठला की चारशे मशीनांत जाऊन बसणार, मग त्यात काना-मात्राही बदलता येणार नव्हती. आणि सकाळी अकरापासून बाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने तीन कप चहा मागवून तीनही गार केले. खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेजारचा म्हणाला, "अगं, एक काय ते ठरव. माझे कागद उडतायत."

झालं होतं असं. सकाळी तिने सहज एका जुन्या मशीनची तापमान मोजणारी वायर काढली आणि एजंट सुरू केला. मोजणाराच नाही म्हटल्यावर तापमानाचा रकाना रिकामा यायला हवा होता. पण जुना साचा रिकाम्या रकान्यात आपणहून शून्य भरत होता. शून्य अंश म्हणजे मशीन थंडगार, म्हणून देखरेखीच्या पडद्यावर हिरवा दिवा. ती ओळ तीन वर्षांपूर्वी तिनेच लिहिली होती, आणि तेव्हा सुटसुटीत साचा म्हणून शाबासकीही घेतली होती.

तिला आठवलं ते चौदा नंबरचं कपाट. दोन वर्षांपूर्वी त्या कपाटातलं याच बनावटीचं, मोजणारी वायरच नसलेलं एक मशीन तापून जळालं होतं. चौकशी झाली. पाळीवरच्या तंत्रज्ञाने, म्हणजे मामांनी, फेरीच मारली नाही, असं ठरलं आणि त्यांना भांडारात बसवलं. तिने तो अहवाल आज शोधून काढला. त्यात एक वाक्य होतं: 'पडद्यावर हिरवा दिवा होता असे संबंधिताचे म्हणणे, त्यास पुरावा नाही.' पुरावा तिच्या टेबलावर वायर काढून पडला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि चोराला, म्हणजे तिला, त्याच वर्षी बढती मिळाली होती.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मन लावून ऐकतात तेव्हा ते काहीच करणार नसतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

"नव्या साच्यात दुरुस्त केलंस ना?"

"केलं. 'वाचन मिळालं का' असा वेगळा रकाना घातलाय. पण बदलाचं कारण लिहावं लागतं, सर, आणि ते सगळ्यांना जातं."

"सुधारणा असं लिही."

"आणि मामा?"

"दोन वर्षं झाली, बाई. त्याचा पगार चालू आहे, बसून काम आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तिने जागेवर येऊन 'सुधारणा' असं लिहिलं. मग त्या शब्दाकडे ती इतका वेळ पाहत बसली की त्याचा अर्थच उडून गेला. तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही, आणि भीती जास्त वाटते म्हणून आणखी लाज. सव्वातीनला ती लॅपटॉप बगलेत मारून भांडाराकडे निघाली. कोणत्या मशीनांना मोजणारी वायरच नाही ते विचारायचंय, असं निमित्त तिने जिन्यातच जुळवलं.

भांडारात मामा जुन्या पंख्यांना चिठ्ठ्या लावत बसले होते. एके काळी त्यांना थर्मामीटरमामा म्हणत. कपाटाच्या पाठीवर तळहात ठेवून ते सांगायचे, याला ताप आहे. मग पडदे आले आणि हुकूम निघाला: हात लावायचा नाही, पडद्यावर बघायचं. तो हुकूमही तिच्याच साच्याच्या भरवशावर निघाला होता.

"वायर नसलेली सतरा आहेत," मामा यादी न बघता म्हणाले. "का हो मॅडम?"

"नव्या साच्यात वाचन नसेल तर आता शून्य येणार नाही. 'नाही' असं येईल."

"बरं केलंत. ताट रिकामं असणं वेगळं आणि ताटच मांडलेलं नसणं वेगळं." मग चिठ्ठीवर फुंकर मारत त्यांनी विचारलं, "म्हणजे आधी शून्य यायचं?"

निमित्त तिथेच संपलं. "मामा, तुम्ही चौदा नंबरला हिरवा दिवा पाहिला होतात?"

मामांनी हातातली चिठ्ठी पंख्याला चिकटवली. "पाहिला होता असं तेव्हा शपथेवर सांगत होतो. आता नाही सांगता येत. घरी मुलगी थट्टा करते, बाबा, डुलकी लागली असेल. बायको तिला गप्प करते, पण तिलाही तसंच वाटतं. मलाही वाटायला लागलंय."

"हिरवाच होता," ती म्हणाली. "माझ्या साच्यात चूक होती. मी आज सकाळी पाहिलं."

ते रागावतील म्हणून ती थांबली. मामांनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या, खिशातून फोन काढला आणि घरचा नंबर लावून तिच्या हातात दिला.

"लेखी नंतर द्या. आधी हिला सांगा. माझं नाही ऐकायची."

"कोण बोलतंय?" पलीकडून मामांच्या बायकोचा आवाज आला.

तिच्या साच्यातला पहिला रकाना हाच. तो रिकामा ठेवता येत नाही, हा नियम तिचाच. तरी तिने पळवाट काढून पाहिली. "कामावरून बोलतेय."

"कामावरून कोण?"

तिने पूर्ण नाव सांगितलं. "मशीनं पडद्यावर काय दाखवतात ते मी ठरवते. त्या दिवशी जळणाऱ्या मशीनवर हिरवा दिवा दिसला तो माझ्या चुकीमुळे. मामा जागे होते. त्यांनी बरोबर पाहिलं होतं."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "थांबा हं. ठेवू नका. मुलीला बोलावते, तिच्यासमोर सांगा."

फोन कानाशी धरून तिने गुडघ्यावर लॅपटॉप उघडला. चारला सात मिनिटं कमी होती. कारणाच्या रकान्यातली 'सुधारणा' पुसून तिने एका बोटाने लिहिलं: 'जुन्या साच्यात माझी चूक होती. वाचन नसताना शून्य जात होतं. चौदा नंबरच्या कपाटाबाबत तंत्रज्ञाचं म्हणणं खरं होतं.' पाठवलं. ते चौकशी समितीसकट सगळ्यांना गेलं. तिच्या खिशातला फोन लगेच थरथरू लागला, साहेबांचा.

मामा उठून उभे राहिले होते. त्यांचा तळहात पंख्यांच्या लोखंडी मांडणीवर टेकलेला होता.

"हॅलो," पलीकडून तरुण आवाज आला, जरा धास्तावलेला. "कोण बोलतंय?"

रकानाबाईने पुन्हा नावापासून सुरुवात केली.