उंचावरच्या तोट्या

जावयाला शिव्या देता येत नाहीत, हीच पंचाईत. दुसऱ्या कुणी मला असं विचारलं असतं ना, तर सालटी काढली असती त्याची!

बावीस वर्षांपूर्वीचा हा पूल. ताणलेल्या पोलादी तारांच्या जोरावर उभा. तारा ज्या नळ्यांमधून जातात, त्या सिमेंटच्या पातळ मालाने गच्च भरायचं काम माझं. गच्च भरलं तर तारांना ना हवा लागत, ना पाणी. पोकळी राहिली की गंज चढलाच म्हणून समजा. आणि आता त्याच पुलाच्या तपासणीला इंजिनिअर म्हणून आला कोण, तर माझा जावई.

"मामा, यात पोकळी असेल का हो कुठे?"

"पाडा भोक हवं तिथे. माझ्या हातचं काम आहे. पोकळी निघाली तर मिशी उतरवेन!"

तो हसला नाही. खांबाच्या वर, जिथे नळी सगळ्यात उंच जाते, तिथे त्याने ड्रिल लावलं. आत गेलं, गेलं आणि एकदम सैल पडलं. मग त्याने भोकातून छोटा कॅमेरा आत सोडला. तळाला माल, वर नुसती हवा. तारा उघड्या, तांबड्या, दोन तर चक्क तुटलेल्या. शेजारीच नळीतून वर काढलेली आखूड तोटी होती, तिच्यावर त्याने बोट ठेवलं.

"या उंचावरच्या तोटीतून माल बाहेर आला होता का तेव्हा?"

"तिची काय गरज? दुसऱ्या टोकाने आला की नळी भरली! तोट्यांना आम्ही आधीच खुंट्या ठोकायचो, माल वाया जाऊ नये म्हणून."

बोलता बोलता माझं मलाच कळलं. पुढचा उतार लागताच माल तळातळाने पळाला असणार, पन्हळीतलं पाणी पळतं तसा. वरच्या हवेची वाट मीच ठोकून बंद केली होती. आळस नव्हता हो, चोरी नव्हती. माझं शहाणपण होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावयाने फोन करून पूल बंद करायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "मामा, ही एकच नळी अशी?"

"सगळ्या."

"आणि ही पद्धत आणखी कुणाची?"

मी धाकट्या भावाला फोन लावला. माझ्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतःची टोळी घेऊन पुलांच्या नळ्या भरत फिरतो. मागे पंपाची धडधड ऐकू येत होती.

"दादा, लवकर बोल, दुसऱ्या टोकाने माल आलाय."

"पंप थांबव! वरच्या तोट्या उघड आधी!"

तो खो खो हसला. "अरे, काय झालंय तुला? तूच तर शिकवलंस. अकरा पूल भरले असे, एकाची तक्रार नाही."