एवढी पूजा उरकू दे

कुरुळीच्या रंगरावांकडे त्या सकाळी सुपारी फोडायला वाकडचे पाहुणे यायचे होते. थोरली लेक विजयश्री ओसरी झाडायला लागली, तशी तिच्या आईने, कस्तुराबाईंनी, तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

"धूळ नको उडवूस. पाव्हन्यांदेखत धाप लागली म्हंजी?"

विजयश्रीला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचे दोन पंप दिले होते. एक बरं असलं तरी रोज घ्यायचा, दुसरा दम लागल्यावर. स्थळं यायला लागली आणि आईने रोजचा पंप बंद केला. शेजारणींनी पाहिला तर? शिवाय बऱ्या माणसाने औषध कशाला घ्यायचं, हे त्या माउलीला कधी पटलंच नव्हतं.

"आई, सांगू या की त्यास्नी."

"गप! झाकली मूठ सव्वा लाखाची. दमेकरी पोरगी कोन करनार?"

रंगरावांनी सगळं ऐकलं आणि पेपरात डोकं घातलं. घरचा कर्ता म्हणवणाऱ्याला एवढंच जमलं!

लग्न थाटात झालं. तिसऱ्या दिवशी वाकडला, बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण आणि होम होता. एसीसाठी खिडक्या बंद होत्या, होमाचा धूर आतच कोंडला होता. जावई अवधूतशेजारी बसलेली विजयश्री पदराआड खोकला दाबत होती. कस्तुराबाई समोरच बसल्या होत्या. लेकीचा पंप त्यांच्या पर्समध्ये होता. आईचं काळीज, त्यांनी तो बरोबर आणलाच होता. पण शंभर माणसांत काढायचा कसा? एवढी पूजा उरकू दे, त्या मनाशी म्हणत राहिल्या.

"विहीणबाई, हिला काय होतंय?" सासू नीलिमाताईंनी विचारलं.

"काय न्हाई. उपास सोसत न्हाई तिला."

लेकीचे ओठ निळे पडले तेव्हा कस्तुराबाईंनी पंप काढला. पण तो ओढून घेण्याइतकाही श्वास पोरीत उरला नव्हता. लिफ्ट, गाडी, रस्त्यावरची कोंडी. दवाखान्याच्या दारात ती संपली होती.

"आधी सांगितलं असतं तर?" नीलिमाताई रडत म्हणाल्या. आधी सांगितलं असतं तर सुपारी फुटलीच नसती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

कुरुळीला सांत्वनाला आलेल्या बायकांना कस्तुराबाई सांगत होत्या, "हार्टचा झटका आला वो."

धाकटी इरा, एकोणीस वर्षांची, दारात उभी होती.

"खोटं हाय. दम्यानं गेली ताई. आन् मलाबी दमा हाय."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. इराने तोंड उघडल्यावर पहिल्यांदाच रंगरावांचा आवाज फुटला, "आत हो! आता तुला कोन करील?"

त्या दिवसापासून इरासाठी एकही स्थळ आलं नाही. रंगराव-कस्तुराबाईंना दोष देणं सोपं आहे, मीही तो देतो. पण वाचकहो, तुमचा मुलगा लग्नाचा असता, तर केली असती इराला सून?