कॅप्टन हर्लॉकचा श्वास

कॅप्टन हर्लॉकच्या पत्राला विल्फ ट्रँटरने उत्तर दिलं नव्हतं. दहा-बारा वर्षं ते शब्दकोशात पडून होतं. त्यामुळे विल्फ शब्दकोश उघडायचंच टाळायचा. एखादा शब्द अडला तर उन्हातून वाचनालयात चालत जाई.

आता हर्लॉक वारला होता. विल्फची भाची नोरीन स्वयंपाकघरात वर्तमानपत्र फडकवत उभी होती.

"'भीती हा शब्द ज्याला ठाऊक नव्हता', असं छापलंय. विल्फमामा, आज हॉलमधल्या शोकसभेत तू हेच सांग. अंतराळयानातल्या त्याच्याशी बोललेला आता तूच एकटा उरलायस."

"मला नाही ग जमत बोलायला."

"जन्मभर रेडिओवर काय केलंस मग?"

"तिथं समोर कोणी नसायचं."

"मग डोळे मिटून बोल. चारला न्यायला येते. आणि हा टाय नको, गळाला लावून मासे पकडायच्या लायकीचा आहे तो."

ती गेली. विल्फने भाषणाच्या दोन ओळी कागदावर लिहून खिशात घातल्या.

हर्लॉक अंतराळात होता तेव्हा गावामागच्या लाल टेकडीवर अमेरिकेच्या यानाशी बोलायचं रेडिओ केंद्र होतं, आणि विल्फ तिथं कामाला होता. यान समुद्राच्या बाजूने उगवे आणि काही मिनिटांत वाळवंटावर मावळे. तेवढ्यात बोलून घ्यायचं, आणि शेवटचा शब्द जमिनीने बोलायचा, असा केंद्राचा रिवाज. वरच्या माणसाचं बोलणं अनुत्तरित सोडायचं नाही. एके दिवशी मात्र वरूनच, हर्लॉककडूनच, उत्तर येईना. विल्फने पुन्हा पुन्हा हाक मारली. कानात आला तो फक्त श्वास. उथळ, धापा टाकणारा, रडू आवरणाऱ्या माणसाचा. नियमात न बसणारं एक वाक्य विल्फ यान मावळेपर्यंत म्हणत राहिला, "कॅप्टन, आम्ही इथंच आहोत." साहेबाला त्याने सांगितलं, "आवाज नीट पोचला नाही."

पुढे म्हातारपणी हर्लॉकने पत्रात एवढंच विचारलं होतं: 'माझा श्वास तुम्हाला ऐकू येत होता का?' खाली त्याच्या बायकोने, अडेलने, एक ओळ जोडली होती: 'तो रोज टपालाची वाट पाहतो.'

'हो' लिहावं तर एवढ्या मोठ्या माणसाला लाजवल्यासारखं. 'नाही' लिहावं तर खोटं. विल्फ कागद घेऊन बसे आणि उठे. आता अडेल एकटी उरली होती, तीही थकलेली. तिला उत्तर मिळायचं तर आत्ताच.

हॉल भरला होता. बायकांनी आणलेल्या केकवर माश्या घोंघावत होत्या. नोरीनने नाव पुकारलं. विल्फ उभा राहिला आणि माइकपाशी आला. खिशातला कागद सापडेना. कर्ण्यांतून भलताच आवाज येऊ लागला: सूं... सूं... तो त्याचाच श्वास होता. साऱ्या गावाला ऐकू जात होता. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात मागून दारूगुत्तेवाला क्लॅरी ओरडला, "सावकाश रे विल्फ! आम्ही कुठं पळतोय? इथंच आहोत. चहासुद्धा अजून उकळला नाहीये!"

हॉल खो खो हसला. त्या हसण्यात विल्फला लाज वाटली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. उलट छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून धरल्यासारखं वाटलं. श्वास ऐकला गेला होता, आणि काहीच बिघडलं नव्हतं.

"कॅप्टन हर्लॉक चांगला माणूस होता," तो म्हणाला. "तो वर असताना मी त्याची फार काळजी केली." एवढं बोलून तो खाली बसला.

"बस्स? एवढंच?" नोरीन कुजबुजली.

"एवढंच ग."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अडेलला लिहिलं: 'हो, ऐकू येत होता. शेवटपर्यंत. तो जिवंत आहे हे मला त्यावरूनच कळत होतं. तो श्वास थांबू नये म्हणून मी बोलत राहिलो. हे त्याला वेळेवर कळवलं नाही, क्षमा करा.'

टपाल कचेरीत मर्लने पाकीट तराजूवर ठेवलं. "अमेरिका? साध्या टपालाने जाऊ दे ना, विल्फ? की घाईचं आहे?"

विल्फने टोपी काढून हातात घेतली.

"घाईचं आहे," तो म्हणाला.