फितीच्या काठावरची थोरली

मी गाण्याची फीत आहे. तपकिरी, दोन बोटं रुंद, मोठ्या चकतीवर गुंडाळलेली. माझ्या डब्यावर धाकटीचं नाव लिहिलंय, कारण तिचा पहिला एकटीचा अल्बम माझ्यावर झाला. पण तिच्याआधी माझ्यावर दुसरं कुणी गाऊन गेलं होतं. सांगायची ती गोष्ट तिथूनच सुरू होते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. त्या दिवसांचं काहीच आठवत नाही. आठवायला आत काहीतरी असावं लागतं. माझी पहिली आठवण म्हणजे थोरलीचा आवाज.

एका गल्लीत वाढलेल्या तीन मुलींचा तो गट. लोक त्यांना ‘तिघी’च म्हणायचे. थोरली चाल गायची, मधली आणि धाकटी मागून सूर भरायच्या. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, जिथे तिथे त्यांचीच गाणी लागलेली असायची. धाकटी काही थोरलीची सख्खी बहीण नव्हती, पण ताई म्हणायची आणि गाताना तिच्या खांद्यावरून नजर हलवायची नाही. थोरलीने श्वास घेतला की खांदा किंचित वर जायचा. तो गेला की धाकटी सुरू करायची. तिला दुसरी खूणच ठाऊक नव्हती.

मग थोरलीच्या घशात गाठ निघाली. जीव वाचेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधी एक गाणं करून घ्यावं म्हणून तिघी स्टुडिओत आल्या आणि काकांनी, म्हणजे तिथल्या रेकॉर्डिस्टने, मला यंत्रावर चढवलं. दुसऱ्या अंतऱ्यात थोरलीचा आवाज फाटला. ती थांबली, ‘पुरे’ म्हणाली, हेडफोन नीट खुंटीला अडकवले आणि निघून गेली.

ती वाचली. आवाजाच्या जागी घरघर उरली, फरशीवरून लाकडी खुर्ची ओढावी तशी. ती पुन्हा स्टुडिओकडे फिरकली नाही. मधली लग्न होऊन लांब गेली. गट मोडला.

मी फडताळात पडून राहिले. आम्हा फितींचा एक वेढा दुसऱ्याला चिकटून असतो, आणि दिवस गेले की तो आपल्यातलं थोडं थोडं शेजारच्याला देऊन टाकतो. त्या अंधारात थोरलीचं अर्धं गाणं असंच माझ्यात पसरत गेलं.

पुढे रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी धाकटीला गाठलं. आता तू एकटी गा, म्हणाले. ती बरेच दिवस टाळत राहिली. शेवटी तिच्या आईनेच तिला दटावून पाठवलं. नव्या फिती मिळत नव्हत्या, म्हणून काकांनी मलाच काढून पुसलं. पुसताना दुखत नाही. गार वाटतं फक्त. पण पुसणारं यंत्र जुनं झालं होतं. माझ्या काठाशी थोडंसं राहून गेलं.

धाकटी माइकसमोर उभी राहायची ती एका बाजूला सरकून, शेजारी कुणाला तरी जागा ठेवल्यासारखी. काका आत येऊन तिला दंडाला धरून मधे आणायचे. पुढच्या ओळीला ती पुन्हा सरकलेली असायची. आणि प्रत्येक ओळ ती किंचित उशिरा उचलायची. वादक वैतागत.

चौथ्या गाण्यात मधे वाद्यं थांबतात. त्या शांततेत एका दुपारी धाकटीने एकदम हेडफोन काढले आणि वळून मागे पाहिलं.

“काका, आत कोण आलंय?”

कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच झालं. मग ती दाराकडे पाठ करून उभी राहीना. तिची आई सांगत आली, की ही जेवताना मधेच घास हातात धरून थांबते, काहीतरी ऐकत बसते. एरवी काकांनी हे हसण्यावारी नेलं असतं, पण त्यांनी स्वतःच हेडफोन चढवले आणि आवाज होता तेवढा वाढवला. दूर, सुतासारखी बारीक, थोरली गात होती. काकांचा हात आपोआप तोंडावर गेला.

साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा आनंद गगनात मावेना. असू दे तसंच, म्हणाले, थोरलीचा शेवटचा आवाज म्हणून वेष्टनावर छापू, लोक ढसाढसा रडतील. धाकटी म्हणाली, ताईला विचारल्याशिवाय काहीच करायचं नाही.

थोरली आली. गळ्याभोवती रुमाल होता. काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसून तिने गाणं ऐकलं, पुन्हा एकदा लावायला सांगितलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. स्वतःच्या आवाजाबद्दल ती काही बोललीच नाही.

“तू दर ओळीला थांबतेस,” ती धाकटीला म्हणाली. “कुणाची वाट बघतेस गं?”

“तुझी.”

“मी इथे खुर्चीत बसलेय. तिथे आत कुणी नाही. ते पुसून टाकायला सांग.”

धाकटीचे डोळे भरून आले. हे पुसलं तर तुझा शेवटचा आवाज जाईल, एवढंच तिला म्हणता आलं. थोरलीने रुमालावर बोट ठेवलं.

“मग हा कुणाचा आहे?”

साहेबांनी समजावून पाहिलं. थोरली ऐकेना, तेव्हा त्यांनी नाद सोडला. काका म्हणाले, मुळापासून पुसायचं तर या गाण्यातलं धाकटीचंही सगळं जाईल, ते पुन्हा गावं लागेल. धाकटीने होकारार्थी मान हलवली. दुसरीकडून चांगलं यंत्र आणलं गेलं. त्या वेळी मला गार वाटलं नाही. कुणीतरी घर रिकामं करून जाताना दार ओढून घ्यावं, तसं वाटलं.

मग थोरली आतल्या खोलीत गेली आणि खुर्ची धाकटीच्या पाठीमागे ठेवून बसली, खांदा दिसूच नये अशी. पहिल्यांदा धाकटीला उशीर झाला. दुसऱ्यांदाही झाला. त्यानंतर ती कुणासाठीही थांबली नाही. तो आवाज कच्चा होता, थोडा घाबरलेला होता, पण तिचा होता. वाद्यं विरली, आणि फीत थांबायच्या आत मागून घरघर आली: “हं. आता जमलं.”

काका ते कापायला निघाले. धाकटीने कापू दिलं नाही.

अल्बम बेताचाच चालला. गाण्याच्या शेवटी खरखर येते म्हणून काहींनी तो दुकानात परत केला. धाकटीने पुढे दुसऱ्या फितींवर आणखी गाणी केली. थोरली म्हातारी होऊन गेली. स्टुडिओ बंद पडला, काकाही गेले, मी कंपनीच्या कोठारात आले.

परवा मला संगणकावर उतरवून घेतलं. ज्यावर आवाज उमटतो तो माझा लेप सुटत चाललाय, यंत्रावर चढले की तपकिरी भुकटी पडते. पिकल्या केसांची धाकटी ऐकायला आली होती. चौथं गाणं संपलं आणि ती कान देऊन बसली. तिथे काहीच नव्हतं. काम करणाऱ्या मुलीने अभिमानाने सांगितलं, की शेवटी खरखर होती, ती साफ केली.

“ती ताई आहे,” धाकटी म्हणाली. “परत घाल.”

मुलगी ओशाळली. साफ करण्याआधीची प्रत तिने ठेवली नव्हती, मला पुन्हा चालवावं लागणार होतं, आणि फीत टिकेल याची खात्री ती देईना. धाकटीने थोडा वेळ माझ्यावर हात ठेवला. मग चालव म्हणाली.

मी चालले. त्या जागेवरचा लेप निघून यंत्राखाली सांडला, पण त्याआधी घरघर पलीकडे पोचली होती. आता मी डब्यात आहे आणि मला कुणी परत लावणार नाही. माझ्यात फारसं काही राहिलेलंही नाही. तुमच्या हाती तो अल्बम कधी आलाच, तर चौथं गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. थोडं थांबा. ती बोलायची आहे.