गाजराचा गुन्हा

मानवजातीने आजवर जे जे थोर काम केलं, ते घरात कोंडून पडलेल्या माणसांनीच केलं, असं लॉवेल प्रुइटने सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं. ऐकायला फ्रिज होता. त्यानेही जरा घरघर करून विषय संपवला.

बाहेर सुपीरियर सरोवराकडून आलेल्या बर्फाने रात्रीतून मोटार गिळली होती. शाळा बंद असल्याचं रेडिओने सांगितलं होतं. लॉवेलची बायको आयला इस्पितळात नर्स. रस्ते बंद, पुढच्या पाळीच्या नर्स येऊ शकत नाहीत, म्हणून तिला तिथेच थांबावं लागलं होतं. तिने फोनवर सांगितलं, "पोरांना काहीतरी उद्योग दे रे. नाहीतर दिवसभर फोन घेऊन लोळतील."

"काळजी करू नकोस," लॉवेल म्हणाला. तो कॉलेजात वेळेचं नियोजन शिकवायचा. अशा माणसाला काळजी करू नकोस म्हणायची सवयच असते.

पोरं आयलाची. सोळा वर्षांची इल्सा आणि चौदाचा रेनो. त्यांचा बाप टेक्सासला नोकरीसाठी गेला आणि तिथलाच झाला. लॉवेल दक्षिणेचा, मोठ्या पुलापलीकडचा; इथले लोक तिकडच्यांना 'पुलाखालचे' म्हणत. गेल्या उन्हाळ्यात तो लग्न करून या घरात आला. पोरं त्याच्याशी वाईट वागत नव्हती. फक्त, जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी ती त्याचं नाव घेत नसत. 'बाबा' म्हणावं अशी त्याची अपेक्षाच नव्हती. पण 'लॉवेल' तरी? बटाटे हवे असले तर इल्सा बटाट्यांकडे बघून म्हणायची, "बटाटे इकडे आले तर बरं होईल." आणि लॉवेल मुकाट्याने बटाटे पुढे सरकवायचा. आपल्याला या घरात नाव आहे की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. आणि आयला मध्ये नसताना कळायला हवं होतं.

म्हणून त्याने दिवस आखला. आधी शब्दकोडं, मग प्रश्नमंजूषा, मग सगळ्यांनी गोल बसून आपण कशाकशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं. जिन्याखाली उभं राहून त्याने हाक मारली, "चला मंडळी! सुरुवात करू या!"

वरून इल्साचा आवाज आला. "रेनो, खाली कुणीतरी ओरडतंय."

"रेडिओ असेल," रेनो म्हणाला.

शब्दकोडं लॉवेलने एकट्याने सोडवलं. प्रश्नमंजुषेत तो पहिला आला. कृतज्ञतेची फेरी मात्र त्याने रद्द केली.

मग त्याला वाटलं, पोटातून काही जमतंय का बघावं. या भागात पॅस्टी म्हणजे जीव की प्राण. करंजीची थोरली बहीणच म्हणा ना, आत मांस, बटाटा, कांदा. एक खाल्ली की माणूस संध्याकाळपर्यंत हलत नाही. पूर्वी खाणीत उतरणारे कामगार ती खिशात घालून नेत. लॉवेलने कणीक मळली, मांस कापलं, बटाटे चिरले. आणि रंग छान दिसेल म्हणून दोन गाजरं घेतली.

तेवढ्यात रेनो दूध प्यायला खाली आला. भाजी चिरायच्या पाटाकडे त्याची नजर गेली आणि हातातला पेला हातातच राहिला.

"इल्सा!" घराला आग लागल्यासारखा तो ओरडला. "खाली ये! आत्ताच्या आत्ता! गाजर!"

इल्सा दोन-दोन पायऱ्या उतरत आली. दिवसभरात पहिल्यांदाच, आणि न बोलावता.

"पॅस्टीत?" ती म्हणाली.

"रंगासाठी," लॉवेल म्हणाला.

"रंगासाठी! रेनो, ऐकलंस? रंगासाठी! अरे, पॅस्टी आहे का वाढदिवसाचा फुगा? ही पुलाखालची माणसं काय करतील नेम नाही! आजीला कळलं तर ती मम्मीला वारशातून काढेल."

"आजीकडे वारशात पॅस्टीच आहे," रेनो म्हणाला. "रूटाबेगा कुठाय?"

"ते काय असतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रूटाबेगा म्हणजे सलगमच्या कुळातला एक गलेलठ्ठ कंद, वरून मेणाचा लेप दिलेला. या घरात तळघरात पोत्याने असतो.

"तो जांभळा गोळा?" लॉवेल चाचरत म्हणाला. "तळघराच्या दाराला अडण म्हणून लावलेला?"

"लावलेला? कुणी?"

"मी. दार सारखं आपटत होतं. मला वाटलं, मेणाचा शोभेचा काहीतरी..."

रेनो हसत हसत जमिनीवर बसला. इल्साने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आलं. मग ती अडण आणायला गेली.

त्यानंतर स्वयंपाकघर लॉवेलच्या हातात राहिलं नाही. गाजरं परत फ्रिजमध्ये गेली. रेनो कंदाशी कुस्ती खेळू लागला. इल्साने कणीक बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाली, "ही बऱ्यापैकी आहे," आणि लॉवेलला बढती मिळाल्यासारखं वाटलं. त्याला कांदा चिरायचं काम मिळालं. डोळ्यांतून पाणी काढायला ते सोयीचं होतं.

मुरडी घालून झाल्यावर इल्साने उरलेल्या कणकेची अक्षरं वळायला घेतली. अंधाऱ्या खाणीत आपली पॅस्टी दुसऱ्याने खाऊ नये, म्हणून कोपऱ्यावर नावाचं पहिलं अक्षर लावायचं, ही इथली जुनी रीत. रेनोचं झालं. तिचं झालं. आयलाचं झालं. चौथी पॅस्टी कोरीच होती.

लॉवेल कांद्याचं साल फार काळजीपूर्वक कचऱ्यात टाकू लागला.

"हिच्यावर गाजर काढ," रेनो म्हणाला.

"गप रे." इल्साने कणकेची एक उभी वळी घेतली, खाली आडवी छोटी जोडली. इंग्रजीतला एल झाला. जरा वाकडा होता. तिने तो पाण्याच्या बोटाने नीट चिकटवला.

जेवायला बसले तेव्हा खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ आला होता. पॅस्ट्यांतून वाफ निघत होती. एल भट्टीत फुगून टम्म झाला होता, पण होता. लॉवेलने हातातला काटा खाली ठेवला. तो उठून उभा राहिला.

"आज मला एवढंच सांगायचंय," तो म्हणाला, "की माणूस कुठून आला हे महत्त्वाचं नसतं. कुटुंब म्हणजे शेवटी..."

"लॉवेल," इल्सा तोंडातला घास गिळत म्हणाली, "तेवढं केचप दे ना."