अमोलची बॅटरी

बल्बची काच फोडायला कोंडाजींनी पक्कड उचलली आणि जुन्या सवयीने तो एकदा उजेडात धरून पाहिला. आतली तार शाबूत होती.

ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी सगळा पसारा मांडला होता. मुलाची, अमोलची, दोन सेलची पत्र्याची जुनी बॅटरी, सोल्डरची कांडी, आणि नात हर्षालीच्या बंद पडलेल्या इमर्जन्सी दिव्यातून काढलेला एलईडी. जुन्या बल्बची काच फोडायची, पितळी बूड तेवढं ठेवायचं आणि त्यात एलईडी बसवायचा. चाळीस वर्षं वायरमन म्हणून काढलेल्या माणसाला हा डाव्या हातचा मळ.

सून सविता सकाळपासून नको म्हणत होती.

"राहू द्या ना नाना. वणीच्या बाजारातून नवी आणू."

पण अमोलचं वर्षश्राद्ध होऊन आठ दिवस झाले होते. सविता रोज पहाटे एकटी गोठ्यात जायची, आणि अंधाराचं भय या घराला आता कुणी शिकवायला नको होतं.

गेल्या भाद्रपदात वादळी पावसाने गावची लाइट गेली, मोबाईल मरून पडले. पहाटे कांद्याच्या चाळीवरची ताडपत्री उडायला लागली म्हणून अमोल उठला. बॅटरी पेटेना, तशी ती खाटेवर टाकून तो अंधारातच गेला. चाळीपाशी घोणस सापावर पाय पडला.

"सेल आणायला सांगितले व्हते त्यांनी. मीच विसरले," असं सविता त्याच दिवशी रडत म्हणाली आणि ते गावभर झालं. दहाव्याला भरल्या भावकीत कोंडाजीसुद्धा बोलून गेले होते, "दोन सेल आणायला तुला सवड झाली नाय?" तिने मान वर केली नव्हती. नंतर त्यांना वाईट वाटलं, पण बोललेला शब्द काही माघारी घेता येत नाही.

बल्ब चांगला, म्हणजे सेलच संपलेले. त्यांनी बॅटरीचं मागचं झाकण फिरवलं आणि ती हातावर ओतली. पहिला सेल आला तो टोक वर करून. दुसरा आला तो टोक खाली करून.

त्यांनी दोन्हींना मीटर लावला. सेल भरलेले होते. एक सुलटा आणि एक उलटा घातला की दोघं एकमेकांचं बळ खातात. बॅटरी पेटत नाही आणि सेलही झिजत नाहीत. वर्षभर ते तसेच बसून होते.

एक वर, एक खाली. या घरात सेल असे एकाच ठिकाणी बसतात, न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरमध्ये.

वर्षभर विसरलेली, वादळात लाइट गेल्यावरची ती संध्याकाळ कोंडाजींना आठवली. त्या संध्याकाळी त्यांचे गुडघे ठणकत होते आणि गीझर काही केल्या पेटत नव्हता. त्याचे सेल संपले होते; अमोलने सविताला आणायला सांगितलेले सेल त्याच्यासाठीच होते. त्यांनीच बॅटरीतले सेल काढून गीझरला घातले होते. कढत पाण्याने अंघोळ केली. मग काळोखात चाचपडत, जसे निघाले तसे, परत बॅटरीत सरकवले. बटण दाबूनही पाहिलं नाही.

दोन्ही सेल त्यांनी वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी हाक मारली.

"सविता."

ती पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. वर्तमानपत्रावरच्या दोन सेलांकडे तिने पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबली.

"सेल भरलेले व्हते पोरी," कोंडाजी म्हणाले. "मी घातले उलटे. मीच."

"माहीत हाय मला."

"कव्हापासून?"

"तिसऱ्या दिवशी उघडून पाह्यलं व्हतं. त्या सांजेला गीझर तुम्हीच पेटवला व्हता. तसंच लावून ठेवलं."

"अन् दहाव्याला मी तुला इतकं बोललो. तव्हा तोंड का नाय उघडलं?"

सविता खाली बसली. पिठाचे हात तिने मांडीवर उलटे ठेवले.

"तुम्ही अन्न सोडलं व्हतं नाना. हे कळलं असतं तर तुम्ही उठलाच नसता. या घरात दुसरं मरण मला झेपलं नसतं."

कोंडाजींचा बांध फुटला. अमोल गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते. सविताने त्यांना रडू दिलं. मग हात पदराला पुसले, पक्कड उचलली आणि बल्बचं पितळी बूड घट्ट धरलं.

"पुरं करा आता. पहाटे मला लागंल."

त्यांनी काच फोडली, एलईडी बसवला, सोल्डरचा डाग दिला. सविताने दोन्ही सेल आपल्या हाताने घातले, टोकं वर करून, आणि बटण दाबलं. ओसरीच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला. दोघांनी तो पाहिला.

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने न्हाणीघरात गीझरची टकटक झाली आणि भस्सकन जाळ धरला. वर्षभर रोज याच वेळेला ती त्यांची बादली भरत आली होती.

"नाना," तिने आतून हाक मारली, "पाणी काढलंय. निवायच्या आत या."